रेघेला आलेलं पोट

४ तारीख, सोमवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज अक्षर ठरवलं. मी चांगले नमुने नेले होते, सगळे भरीव, लांबून वाचता येणारे. त्यांनी ते न बघितल्यासारखे बाजूला सारले आणि मोबाइलवर एक चित्र दाखवलं. नुसत्या बाह्यरेषेची अक्षरं. कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखी. गोल म्हणजे अगदी गोल, दांडा म्हणजे अगदी दांडा, कुठे जाड-बारीक नाही, कुठे हाताची लपेट नाही. एक बारीक रेघ अक्षराच्या कडेकडेने फिरून जिथून निघाली तिथे परत येते, आणि आत काही नाही.

"दवाखान्यात येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो," त्या म्हणाल्या. "भरीव अक्षरं अंगावर येतात हो. ह्यांच्यातून कशी हवा खेळते बघा."

अक्षरांतून हवा कशी खेळते मला ठाऊक नाही. पण अक्षरं देखणी आहेत हे कबूल केलं पाहिजे. दवाखान्याचं नाव 'दंतघर'. मोजकीच अक्षरं, म्हणून शोभेल.

ताईचं सासर मागच्याच गल्लीत, तिची रोज एक फेरी असतेच. तिला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "दातांच्या दवाखान्याला पोकळ अक्षरं? लोक म्हणतील सगळे किडलेत!"

तिला हसायला काय जातं. माझं काय पणाला लागलंय ते तिला माहीत आहे. दुकान बाबांचं. त्यांनी जन्मभर ब्रशने पाट्या रंगवल्या, सगळे त्यांना पेंटर म्हणूनच हाक मारतात. मी स्टिकर कापायचं मशीन आणलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "एक काम पूर्ण तुझ्या पद्धतीने कर. मी बघेन. मला पटलं तर दुकान तुझ्या पद्धतीने चालेल." आणि नाही पटलं तर मी भाऊजींच्या कंपनीत पॅकिंग खात्यात जायचं. भाऊजींनी जागा धरून ठेवली आहे. दहावी अर्धवट सोडलेल्याला आणखी कोण विचारणार? आयुष्यभर खोक्यांवर चिकटपट्टी ओढायची.

ते एक काम म्हणजे हे दंतघर.

६ तारीख, बुधवार

ज्याने कोणी हा फॉन्ट बनवला त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायचा आहे. नाव टाइप केलं तर प्रत्येक अक्षर आपापली चौकट घेऊन आलं. शिरोरेघ एकसंध दिसायला हवी, तर प्रत्येक सांध्यावर एक उभी भिंत! दं आणि त ह्यांच्यामध्ये भिंत, त आणि घ ह्यांच्यामध्ये भिंत. जणू भाऊबंदकी झाली आहे. त्या भिंती एकेक करून पाडल्या. मग अनुस्वाराचं कडं शिरोरेघेला खेटत होतं, ते थोडं वर घेतलं. मग ते तरंगायला लागलं. परत खाली घेतलं. दुपार त्यातच गेली.

बाबा मागे येऊन उभे राहिले. हल्ली ते मान वाकडी करून, कोपऱ्यातून बघितल्यासारखं बघतात. मला ते बघणं अजिबात आवडत नाही. बघायचं तर नीट बघावं.

"आखून झालेलं दिसतंय," ते म्हणाले. "रंग कधी भरणार?"

झालं! चार-चौघांत नव्हे, एकट्यात का होईना, टोमणा मारायचाच. मीही चिडून म्हणालो, "भरेन वेळ आली की."

"बरं," म्हणाले आणि गेले. एवढ्या सरळपणे 'बरं' म्हणून गेले की मला आणखीनच राग आला.

७ तारीख, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना आता आतल्या सगळ्या पाट्यासुद्धा त्याच अक्षरात हव्या आहेत. 'तपासणी', 'क्ष-किरण', आणि वाट बघायच्या खोलीत एक अख्खा परिच्छेद: मुलांना चॉकलेट किती द्यावं ह्याबद्दल.

मी समजावून सांगितलं. हे अक्षर मोठ्या आकारातच बोलतं. पोस्टर, काचेवरचं नाव, दारावरचा एखादा शब्द, मागे सपाट एकरंगी भिंत, बस्स. बारीक केलं की समोरासमोरच्या रेघा एकमेकींच्या अंगावर पडतात. 'क्ष'चं तर जाळंच होतं.

"पण एकसारखं दिसायला हवं ना," त्या म्हणाल्या.

"बाई, एकसारखं दिसेल, पण वाचता येणार नाही."

"परिच्छेद तसाही कोण वाचतं?"

मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी 'क्ष-किरण' भरीव करायला तयार झाल्या. बाकीच्यांचा विचार करून सांगते म्हणाल्या. उद्घाटन सतरा तारखेला, आणि ह्या विचार करतायत.

९ तारीख, शनिवार

आज डोकं फिरायची पाळी आली. बाबांनी लाल रंगाच्या डब्यावर हिरव्याचं झाकण लावून ठेवलं होतं आणि पांढऱ्यावर पिवळ्याचं. झाकणं वाळून चिकटली. मी प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं आहे, शुद्ध आणि ठळक. विचारलं तर म्हणतात, "वासाने कळतं मला." लाल आणि हिरव्याला वेगळा वास असतो हे आज कळलं!

हे कमी होतं म्हणून की काय, दुपारी डॉक्टरीणबाई रंगाची छटा ठरवायला आल्या. सोबत त्यांची मदतनीस मुलगी. बाबा थेट त्या मुलीकडे गेले. "या डॉक्टर, बसा." मुलगी लाजून मागे सरली, बाई ओठ दाबून हसल्या. बाबा आधी दोनदा भेटलेत त्यांना. माझ्या गिऱ्हाइकाला ओळख दाखवायची नाही म्हणजे काय? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी ताई पेपर वाचून दाखवत होती. हे नवीनच. बाबा डोळे मिटून ऐकतात, मधेच "हं" म्हणतात. मी झाकणांची तक्रार सांगत होतो तर ती म्हणाली, "बाबांचा चष्मा कधी बदललाय रे?"

मी झाकणांबद्दल बोलतोय आणि हिला चष्मा सुचतो. ह्या घरात कोणी माझं पूर्ण ऐकून घेत नाही.

१२ तारीख, मंगळवार

अक्षरं कापली. भरीव अक्षर असतं तर बाजूचा कागद एका ओढीत निघाला असता. इथे बाहेरचाही सोलायचा आणि आतलाही, आणि मधे राहायची सुतासारखी बारीक पट्टी. चिमट्याने सोलता सोलता ती पट्टी उचलली जाते, पीळ खाते, स्वतःलाच चिकटते. 'घ' दोनदा फुकट गेला. श्वास रोखून काम केलं. कोणी दार उघडलं तरी ओरडत होतो.

पण पत्र्यावर बसवल्यावर! निळा पत्रा, पांढरी रेघ. मी मागे जाऊन पाहिलं आणि मलाच खरं वाटेना. एवढं स्वच्छ काम माझ्या हातून झालंय.

बाबांना बोलावलं. मान वाकडी करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग बोट फिरवलं, कडेकडेने, जणू कुठे बुडबुडा राहिलाय का शोधत होते.

"रेघ सरळ नाही," ते म्हणाले.

"कुठली?"

"वरची. शिरोरेघ. इथे मधे पोट आलंय तिला."

मशीनने कापलेल्या रेघेला पोट! मी स्टीलची पट्टी लावली. केसाएवढा फरक नाही. त्यांना म्हणालो, हे बघा. ते म्हणाले, "पट्टी बघून काय करू? लोक पट्टी लावून बघणार आहेत का? डोळ्याला दिसतंय ना."

१३ तारीख, बुधवार

रात्रभर ती रेघ डोळ्यांसमोर. सकाळी पत्रा वाकलाय का ते बघितलं. नाही. ओळंबा लावला, दोरा ताणून धरला. सरळ. मग मला स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागली. बघता बघता मलाही कधी वाटायचं, आहे का थोडं पोट? नाही. आहे का? ह्या माणसाने चाळीस वर्षं हाताने सरळ रेघा ओढल्यात. ते उगाच बोलतील का?

ताईला दाखवलं. "ए काटकोन," ती म्हणाली (मला ती हेच म्हणते), "ही रेघ तुझ्या भांगापेक्षा सरळ आहे. लाव ती पाटी आणि मोकळा हो."

नाही लावली. बाबांना पटल्याशिवाय लावून उपयोग काय? शिरोरेघ सोलून काढली आणि स्टिकरच्या उरलेल्या रोलमधून नवी कापली. आता रोल संपला. ह्या छटेचा रोल मागवायचा तर आठवडा जाईल.

१५ तारीख, शुक्रवार

नवी शिरोरेघ बसवली. एकही सुरकुती नाही. बाबा आले.

"आता?"

"ते पोट गेलं," ते म्हणाले. मी देवाचं नाव घेणार तोच ते पुढे म्हणाले, "आता इकडे आलंय. 'घ'च्या डोक्यावर."

"बाबा, पोट काय चालत जातं का रेघेवरून?"

"मला दिसतं ते सांगितलं. खोटं बोलू?"

"मग ह्या टोकाला बघा. इथे आहे?"

त्यांनी टोकाला पाहिलं. "इथेपण आहे थोडं."

म्हणजे बघतील तिथे पोट! मी चिमटा टेबलावर आपटला. माझी खात्री झाली, त्यांना मला पॅकिंगमध्येच पाठवायचं आहे. सरळ तोंडावर सांगायचं सोडून रेघेला नावं ठेवतायत. जेवतानाही मी एकच वाक्य बोललो, की काम वेळेत पूर्ण होईल असं वाटत नाही. बाबांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी.

१६ तारीख, शनिवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

पटो न पटो, पाटी तर लावावीच लागणार, म्हणून दुपारी मी ती टांगायच्या पट्ट्या आणायला गेलो होतो. परत आलो तर दुकानात रंगाचा वास. बाबा स्टुलावर बसलेले, हातात ब्रश, आणि समोर माझी पाटी. दं भरलेला. त भरलेला. घ भरलेला. र चं शेपूट तेवढं राहिलं होतं.

आणि कसं भरलेलं! रंग रेघ सोडून बाहेर आलेला. निळ्यावर पांढरे फुगवटे.

"हे काय केलंत?"

"राहिलं होतं ते करतोय," ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान. "उद्या उद्घाटन ना? तू म्हणालास पूर्ण होणार नाही. म्हटलं तू येईपर्यंत भरून टाकतो. शेपटापुरतं थांब."

"ते भरायचं नव्हतं! ते तसंच असतं!"

"तूच म्हणालास, वेळ आली की भरेन."

मी ओरडलो. "मुद्दाम केलंत तुम्ही. आधी रेघेला नावं ठेवली, मग ही रंगपंचमी केली. शिकाऊ पोरसुद्धा एवढं बाहेर रंगवणार नाही!"

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. तो घरंगळून खाली पडला. त्यांनी वाकून चाचपडत उचलला, पुसला आणि घरी गेले.

रोल नाही, पाटी नाही. उद्या सकाळी उद्घाटन.

१७ तारीख, रविवार

डॉक्टरीणबाईंच्या दारावर जाऊन सांगितलं, पाटी तयार नाही. कारण सांगायचं होतं, पण 'वडिलांनी रंगवून टाकली' हे वाक्य तोंडातून निघेना. एवढंच म्हणालो, "माझ्याकडून बिघडली."

"लोक यायला लागलेत," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या दवाखान्याला नावच नाही?" आतून कोणीतरी हाक मारली. त्या जाता जाता म्हणाल्या, "आतल्या पाट्याही राहू द्या आता. मी दुसरीकडे बघते."

परत दुकानात आलो. पाटी मोडीत टाकण्याआधी झालेलं नुकसान बघावं म्हणून स्टीलची पट्टी घेतली. मला राहवत नाही, काहीही असो, मोजावं लागतं. शिरोरेघेला पट्टी लावली. रंग रेघेबरोबर नीट चालतो, मग एका ठिकाणी अलगद बाहेर जातो, गोल वळसा घेतो, आणि परत रेघेला येऊन मिळतो. काही अंतराने पुन्हा तसाच. दांड्यांनाही तसाच. कुठे ओघळ नाही, हात थरथरल्याची खूण नाही. वळशाची कड तर इतकी स्वच्छ की ती आखूनच भरली असावी.

निष्काळजी हात असा शिस्तीत चुकत नाही. त्यांनी बाहेर रंगवलंच नाही. त्यांना रेघ जिथे दिसली तिथपर्यंतच त्यांनी रंगवलं.

मी पट्टी खाली ठेवली आणि तसाच घरी गेलो. बाबा खिडकीशी बसले होते. ताई भाजी निवडत होती. मी म्हणालो, "बाबा, एक डोळा झाका बरं."

"का? लपाछपी खेळायचीय?"

"झाका हो."

त्यांनी डावा झाकला. मी खिडकीची चौकट दाखवली. "ही उभी कड कशी दिसते?"

"मधे फुगल्यासारखी. जुनी आहे चौकट, पावसाने..." ते थांबले.

"आणि हा दरवाजा?"

ताईचे हात थांबले होते.

"तोही," बाबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "दरवाजा सरळ आहे का रे?"

"सरळ आहे."

"आणि तुझी रेघ?"

"तीही सरळ होती, बाबा."

त्यांनी झाकलेला डोळा उघडला, पुन्हा झाकला, पुन्हा उघडला. "मला वाटलं," ते म्हणाले, "तू घाई करतोयस. मला वाटलं, सगळेच हल्ली वाकडं काम करायला लागलेत."

ताई उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

२१ तारीख, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टरांनी एक चौकटीचौकटींचा कागद दिला, मधे ठिपका. म्हणाले, ठिपक्याकडे बघा आणि जिथे रेघा वाकड्या दिसतील तिथे पेन्सिलीने काढून दाखवा. बाबांनी इतकं नेटकं काढून दिलं की डॉक्टर म्हणाले, "लोक नुसता गोल करून देतात हो, तुम्ही तर नकाशाच दिलात."

"रोजचंच काम आहे," बाबा म्हणाले.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग बिघडला आहे. उजव्याचं जे गेलं ते गेलं. डाव्यात इंजेक्शनं द्यायची, म्हणजे आहे तेवढं टिकेल. कदाचित. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि मग कागदांत डोकं खुपसलं. डॉक्टर लोक हे वाक्य का बोलतात कळत नाही. त्याचं आता काय करायचं असतं?

रिक्षात बाबा म्हणाले, "डोळ्यात सुई. ऐकूनच जीव गेला माझा." मी म्हणालो, मी बरोबर येईन. ते म्हणाले, "तू येशील आणि सुई काटकोनात आहे का बघशील."

ह्या वेळी हसावं की नाही ते मला कळेना. ताई हसली, म्हणून हसलो.

२५ तारीख, सोमवार

सकाळी दुकानात बाबांना सांगितलं की भाऊजींना फोन करणार आहे, पुढच्या महिन्यापासून येतो म्हणून.

"कोणी सांगितलं जायला?"

"आपलं ठरलं होतं. काम हातचं गेलं."

"ठरलं काय होतं? काम मी बघणार, मला पटलं तर. हेच ना?"

"हो."

"मग मी बघितलं का?"

मी मशीनवरची धूळ पुसायला लागलो.

"मी बघितलंच नाही ते काम," बाबा म्हणाले. "जे बघितलं ते भलतंच काहीतरी होतं. त्यावर निकाल कसा देऊ?"

"मग आता?"

"आता काय, मला ह्यापुढे दिसायचं नाही. म्हणजे पारख तुझी तूच कर, आणि चुकलास तर स्वतःलाच बोल. मला डोक्याला ताप नको." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "जावयांचा नंबर लावून दे." आणि माझ्यासमोरच भाऊजींना म्हणाले, त्या जागेवर दुसरा कोणी बघा.

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा आत आला. "पेंटर, दुकानाचं नाव लिहून हवंय. लिहाल का?"

"मी नाही. हा," बाबा म्हणाले.

मी विचारलं, पाटी किती उंचावर लावणार? ऊन कुठून येतं? समोरचा रस्ता किती रुंद? लोक चालत जाताना बघणार की गाडीतून? मागची भिंत कुठल्या रंगाची?

"अहो, नाव लिहायचंय," तो वैतागून म्हणाला, "भिंतीचं लग्न नाही जमवायचं!"

बाबा मोठ्याने हसले. त्याने वेड्यांच्या दुकानात शिरल्यासारखं आमच्याकडे पाहिलं आणि मोबाइलवर एक चित्र दाखवलं. नुसत्या बाह्यरेषेची अक्षरं. दवाखान्याच्या रस्त्याला कुठेतरी बघितली म्हणे, तशीच हवीत. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडून करून घेतली. मी नाही म्हणालो. त्याच्या दुकानासमोर चढ आहे, माणसं खाली मान घालून सायकल ढकलत येतात, क्षणभरच वर बघतात. मागे टायरं टांगलेली. त्या पसाऱ्यात बारीक रेघ हरवून जाईल. त्याला भरीव, जाड अक्षर हवं. तो हुज्जत घालत राहिला, मी कागदावर दोन्ही काढून दाखवली आणि कागद भिंतीला टाचून त्याला पार दारापर्यंत मागे जायला लावलं.

"भरीव द्या," तो दारातून म्हणाला.

मी वही काढून मापं लिहायला लागलो. एक आकडा लिहिला, खोडला, परत लिहिला. मग पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"कधी देतोस म्हणून सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"अजून सांगितलं नाही."

"मग सांग की," ते म्हणाले. "माणूस उभा आहे."